पीएचडीचा आराखडा : यात्रेच्या नाटकांवर विषय आहे, कागदावर कसा मांडायचा?

खानापूर_लोकल

नमस्कार मंडळी. एमए मराठी झालंय. पीएचडीच्या प्रवेशासाठी 2500 शब्दांचा संशोधन आराखडा द्यायचा आहे. विषय बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात यात्रेला गावची पोरं नाटक बसवतात त्याचा. सध्याचं शीर्षक असं आहे :

'सीमाभागातील मराठी रंगभूमी : उगम, विकास आणि आव्हाने – एक चिकित्सक अभ्यास'

चार गोष्टी अडल्यात. शीर्षक चालेल काय? गृहीतक लिहायलाच लागतं काय? गावच्या नाटकांवर छापील पुस्तकं जवळजवळ नाहीत, मग पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात लिहायचं काय? आणि मुलाखती किती दाखवायच्या, 100 लिहिलं तर वजन पडेल काय?

दप्तरदार

आधी शीर्षकाचं बघूया, कारण बाकीचे तिन्ही प्रश्न त्याच्याच पोटातून निघालेत.

'सीमाभाग' म्हणजे कुठला? बेळगाव, कारवार, बिदर, गुलबर्गा सगळं आलं. महाराष्ट्राच्या दाव्यात 814 गावं हा आकडा फिरतो आणि 865 हाही फिरतो. प्रवेश समितीतला कुणीतरी पहिलाच प्रश्न हा विचारणार, आणि तुम्ही नाटक सोडून सीमाप्रश्नावर बोलत बसणार. 'मराठी रंगभूमी' म्हटलं की संगीत नाटक, व्यावसायिक कंपन्या, शहरातल्या एकांकिका स्पर्धा, सगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो. 'उगम' म्हटलं की किती मागे जाणार? आणि 'आव्हाने' हा शब्द संशोधनाचा नव्हे, परिसंवादाच्या पत्रिकेचा.

शीर्षकात चार गोष्टी दिसायला हव्यात : काय, कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि कशाच्या अंगानं. 'एक चिकित्सक अभ्यास' काढून टाका. पीएचडी चिकित्सक नसते तर काय असते?

आता समस्याविधान. आराखड्याचा जीव इथं आहे आणि नेमकं इथंच लोक पाट्या टाकतात. 'या विषयावर आजवर कुणी काम केलेलं नाही, म्हणून हे संशोधन महत्त्वाचं आहे' हे कारण होत नाही. कुणी काम केलेलं नाही अशा हजार गोष्टी आहेत. तुमच्या विषयात कोडं कुठं आहे ते सांगा. उदाहरणार्थ : 1956 साली राज्य बदललं, सरकारी कागदाची भाषा बदलली, शाळेत कन्नड आलं. तरी यात्रेचं नाटक मराठीत चालू राहिलं असेल तर त्यासाठी संहिता कुठून येत होती? ती मुंबई-पुण्याची छापील नाटकं होती, गावातल्याच माणसानं लिहिलेली होती, की छापील नाटक कापून-जोडून केलेली? याचं उत्तर आज तुम्हाला माहीत नाही, आणि शोधलं तर सापडण्यासारखं आहे. असा प्रश्न सापडला की 250 शब्दांत तो मांडा.

2500 शब्दांची वाटणी ढोबळमानानं अशी ठेवा : प्रस्तावना 200, समस्या 250, पूर्वसंशोधन 550, प्रश्न व उद्दिष्टं 200, साधनं व पद्धती 700, व्याप्ती-मर्यादा 150, प्रकरणं 300, वेळापत्रक 150. संदर्भसूची बहुधा या मोजणीच्या बाहेर असते, तरी सूचना वाचून खात्री करा. बहुतेकांच्या आराखड्यात प्रस्तावनाच 900 शब्दांची होते : 1843, सांगली, विष्णुदास भावे, मग किर्लोस्कर, ते आपल्या गुर्लहोसूरचे म्हणून आणखी एक परिच्छेद. वाचणाऱ्याला हे पाठ असतं. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य यात्रेच्या रंगमंचावरच पडू द्या.

शाईचा_डाग

पूर्वसंशोधनाबद्दल. 'पुस्तकं नाहीत' हे तुमच्या विषयाच्या नावावर पुस्तकं नाहीत एवढंच सांगतं. आढावा तीन घरांत वाटून घ्या. (अ) मराठी हौशी आणि ग्रामीण रंगभूमीवरचं लेखन, (आ) उत्तर कर्नाटकातल्या कन्नड लोकनाट्यावरचं, म्हणजे श्रीकृष्ण पारिजात, सण्णाट, दोड्डाट, (इ) द्विभाषिक प्रदेशात भाषा आणि सादरीकरण यांचं नातं सांगणारं, मग ते कुठल्याही प्रदेशाचं असो. प्रत्येक घरातली पाच-सहा कामं घ्या आणि प्रत्येक घराच्या शेवटी एक वाक्य लिहा : इथपर्यंत हे लोक आले, पुढचं हे राहिलं. 'अमुक यांनी अमुक पुस्तकात अमुक सांगितले आहे' अशी वाक्यं एकाखाली एक लावली की तो आढावा राहत नाही, ग्रंथालयाचं रजिस्टर होतं.

दुसरं घर वगळू नका. सांगलीच्या दरबारात 1842 च्या सुमारास कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ झाला आणि त्यातूनच भाव्यांना नाटक करायला सांगितलं गेलं, हे मराठी नाट्येतिहासच सांगतो. अशा प्रांतातल्या नाटकावर लिहिताना कन्नड बाजू कोरी ठेवली तर मौखिक चाचणीत धारवाडकडचा परीक्षक सोडणार नाही.

शोधगंगा (विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) बघताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, गावाचं नाव. सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं. त्याआधीच्या प्रबंधांत 'बेळगाव' आहे, इंग्रजी नोंदीत 'बेलगाम' असा उच्चार होईल ते जुनं स्पेलिंग आहे, कन्नड लिपीत आणखी वेगळं. चारही रूपं टाकून शोधा. विजापूर-विजयपूर, गुलबर्गा-कलबुर्गीचंही तसंच.

दोन, मराठीतले बरेच जुने प्रबंध स्कॅन केलेले आहेत किंवा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाईप केलेले आहेत. आतल्या मजकुरातला शब्द शोधून ते सापडत नाहीत. म्हणून विद्यापीठ, मग विभाग, मग शीर्षकांची यादी अशा वाटेनं जा आणि डोळ्यांनी चाळा. शिवाजी, कर्नाटक, राणी चन्नम्मा आणि गोवा, या चार विद्यापीठांचे मराठी विभाग तरी संपवाच. कन्नड आणि लोकसाहित्य विभागांच्या याद्याही.

तीन, शोधगंगोत्री. पूर्ण झालेले प्रबंध शोधगंगेवर, तर मंजूर झालेले आराखडे शोधगंगोत्रीवर ठेवले जातात. तुमचाच विषय दुसऱ्या कुणी नोंदवलाय काय ते तिथं कळण्याची शक्यता असते. शिवाय मंजूर आराखडा दिसतो कसा तेही बघायला मिळतं. मात्र तो साचा म्हणून उचलू नका. त्यातलेही पुष्कळ 'उगम आणि विकास'वालेच असतात.

रंगपटातून

मुलाखती 100 लिहू नका हो. हिशेब करा. एक मुलाखत सरासरी दीड तास. मराठी-कन्नड मिसळलेलं बोलणं ऐकून उतरवायला एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला पाच-सहा तास लागतात. 30 मुलाखती म्हणजे 45 तासांचं मुद्रण, म्हणजे सव्वादोनशे ते दोनशे सत्तर तास नुसतं उतरवणं. रोज तीन तास बसलात तर सुट्ट्या धरून चार महिने. शंभराला वर्ष जातं, मग विश्लेषण कधी? 25 ते 30 लिहा, पण कुणाच्या ते फोडून लिहा : दिग्दर्शन केलेले इतके, नट इतके, स्त्री पार्टी केलेले पुरुष इतके, यात्रा कमिटीचे जुने पदाधिकारी इतके, पडदे-मेकअपवाले इतके, आणि निव्वळ प्रेक्षक म्हणून बसलेल्या बायका इतक्या. शेवटचा गट बहुतेक आराखड्यांत नसतोच.

नुसत्या आठवणींवर प्रबंध उभा राहत नाही. माणूस साल हमखास चुकवतो. 'इंदिराबाई वारल्या त्या वर्षी' म्हटलं की 1984 धरता येतं, पण 'माझं लग्न व्हायच्या आधी' याला दुसरा पुरावा लागतो. म्हणून साधनं लिहिताना वस्तूंची यादी द्या : नाटकाच्या हस्तलिखित वह्या, प्रॉम्प्टरची, म्हणजे विंगेतून संवाद सांगणाऱ्याची प्रत (पेन्सिलीनं काटलेली वाक्यं हा सोन्यासारखा पुरावा आहे, गावानं काय नको म्हटलं ते तिथं दिसतं), हँडबिलं, यात्रा कमिटीच्या वर्गणीच्या आणि खर्चाच्या वह्या, फोटो, पडदे भाड्यानं आणल्याच्या पावत्या, स्थानिक वृत्तपत्रातल्या यात्रेच्या बातम्या. बेळगावचा तरुण भारत 1919 पासूनचा आहे, पण 'वृत्तपत्रे पाहिली जातील' एवढ्यावर भागवू नका. कुठलं पत्र, कुठली वर्षं, वर्षातले कुठले महिने, ते लिहा. यात्रांचा हंगाम सुगीनंतरचा, मुख्यतः फेब्रुवारी ते मे. तेवढेच महिने चाळायचे ठरवलं तर काम एक तृतीयांशावर येतं.

गावं सहा पुरेत, पण निवडीचं कारण सांगा. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडचा घाटाचा पट्टा, मधला खानापूर-नंदगड, आणि पूर्वेला बिडी-इटगीकडे कन्नड वाढत जातं तो पट्टा. प्रत्येकातली दोन. तुलना आपोआप उभी राहते. पण आराखडा देण्याआधी एकदा फिरून या. ज्या गावात एकही वही शिल्लक नाही ते गाव कागदावर कितीही शोभलं तरी उपयोगाचं नाही.

वेळापत्रकात पाऊस धरा. जून-जुलैत रोपं लावायच्या दिवसांत खानापूर भागात मुलाखत द्यायला कोण रिकामा बसलाय? तेव्हा दप्तरखान्यात बसा. चतुर्थीला मुंबई-पुण्याची माणसं गावात येतात, ते आठ दिवस मुलाखतींना चांगले. आणि दोन यात्रा-हंगाम तरी वेळापत्रकात बसवा. पहिल्या हंगामात कॅमेऱ्याची बॅटरी जाणार, आवाज भोंग्याखाली दबणार, हे धरूनच चाला.

धारवाड_रोड

तीन बारीक गोष्टी.

1956 आधी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणजे त्या काळातले वरच्या पातळीवरचे सरकारी कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधायचे आणि नंतरचे कर्नाटकात. आराखड्यात नुसतं 'शासकीय दप्तरे' लिहिलं की समजतं या माणसानं अजून विचार केलेला नाही.

जनगणनेचे आकडे घेणार असाल तर जपून. 1951 च्या बेळगाव जिल्ह्यात चंदगड तालुका आहे, 1961 च्या नाही. 1956 ला चंदगड मुंबई राज्यातच राहिला आणि आता कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तो न वगळता दोन्ही वर्षांचे मराठी भाषकांचे टक्के शेजारी ठेवले तर घट निघते ती काही अंशी नकाशाची असते, माणसांची नव्हे. निपाणी, कागवाड, कित्तूर, मूडलगी हे तालुके तर अगदी अलीकडचे. जुन्या आकड्यांत निपाणी चिकोडीतच मिळेल. तुम्ही खानापूरपुरतं ठेवलंत तर ही कटकट बरीच वाचते.

तुम्हाला कन्नड वाचता येतं काय, ते आराखड्यात स्पष्ट लिहा. पंचायतीचे कागद कन्नडमध्ये असणार. येत असेल तर ती जमेची बाजू आहे, लाजू नका. येत नसेल तर कोर्सवर्कच्या (पीएचडीच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाच्या) काळात शिकणार असं लिहा आणि खरंच शिका की. 'दुभाष्याची मदत घेतली जाईल' हे वाक्य फार लंगडं पडतं.

खानापूर_लोकल

सगळ्यांचे आभार. कन्नड वाचता येतं, शाळेत होतं. समस्या आणि उद्दिष्टं अशी लिहिलीत, बघा :

'1956 ते 1990 या काळात खानापूर तालुक्यातील सहा गावांत यात्रेनिमित्त सादर झालेल्या मराठी नाटकांच्या संहिता कोठून आल्या व सादरीकरणासाठी त्यांत कोणते बदल झाले, याचा शोध घेणे. उद्दिष्टे : 1) संहितांचे संकलन करणे. 2) त्यांतील बदलांचा अभ्यास करणे. 3) मराठी अस्मिता टिकवण्यात नाटकांचे योगदान स्पष्ट करणे. 4) या परंपरेच्या संवर्धनासाठी उपाय सुचवणे.'

आणि एक, प्रबंधाचा भाग म्हणून एखादं जुनं नाटक आम्ही पुन्हा बसवून दाखवलं तर?

दप्तरदार

पहिलं वाक्य चांगलं जमलंय. 1990 का, ते एका ओळीत सांगा. दूरदर्शन आणि व्हिडिओ गावात पोचल्यावर प्रेक्षक बदलला असं कारण देणार असाल तर तेही तपासायची गोष्ट आहे, गृहीत धरायची नव्हे.

उद्दिष्ट तीन काढा. उत्तर आधीच ठरवून मग 'स्पष्ट करणे' याला संशोधन म्हणत नाहीत. शिवाय यात्रेचं नाटक पोरं अस्मितेसाठीच करत होती कशावरून? भावकीतली चढाओढ, देवस्थानचा मान, शेजारच्या गावानं केलं म्हणून आपणही, किंवा निव्वळ हौस, यातलं काहीही निघू शकतं. वहीत शिवकालीन नाटकापेक्षा कौटुंबिक मेलोड्रामाच जास्त निघाले तर तुमचं तिसरं उद्दिष्ट तुम्हालाच अडचणीत आणेल. त्याऐवजी : 'नाटक निवडताना गावातल्या कोणत्या गटांचा शब्द चालत होता ते शोधणे.' उद्दिष्ट चार हे सरकारी अहवालाचं आहे, तेही काढा. 'संकलन' हे साधन आहे, उद्दिष्ट नव्हे. ते पद्धतीत न्या. दोनमध्ये 'बदलांचा' म्हणजे कसल्या? भाषा (प्रमाण मराठीच्या जागी गावची बोली, कन्नड वाक्यं), लांबी, गाणी, स्त्री पात्रांची संख्या. हे चार नावानिशी लिहा. प्रत्येक वही याच चार खणांत तपासायची, म्हणजे सहाही गावांची तुलना एका मापानं होईल.

प्रकरणांची नावं प्रश्नावरून पाडा. 'प्रकरण 1 प्रस्तावना, 2 संकल्पना, 3 ऐतिहासिक पार्श्वभूमी, 4 विश्लेषण, 5 निष्कर्ष' असा सांगाडा कुठल्याही विषयाला बसतो, म्हणून तो कुणाचाच नसतो. तुमचं असं होऊ शकतं : 'यात्रा, कमिटी आणि पैसा', 'वहीचा प्रवास (छापील नाटक ते प्रॉम्प्टरची प्रत)', 'रंगमंचावरची भाषा', 'स्त्री पार्टी आणि बायका प्रेक्षक'. प्रत्येकाखाली तीन ओळी : प्रश्न कुठला, पुरावा कुठला. ज्या प्रकरणाखाली पुराव्याची ओळ लिहिता येत नाही ते प्रकरण गाळा.

रंगपटातून

नाटक पुन्हा बसवण्याबद्दल : कल्पना छान, पण ते प्रबंधाचं अंग होणार की प्रबंधानंतरचा कार्यक्रम, ते ठरवा. अंग व्हायचं असेल तर त्यातून असा प्रश्न सुटला पाहिजे जो वही वाचून सुटत नाही. उदा. काटलेली वाक्यं परत घातली तर जुन्या नटांना ती उच्चारताना कुठं अडतं, किंवा स्त्री भूमिका आता मुलींनी केल्या तर हालचाली कशा बदलतात. तालमींच्या तारखावार नोंदी, चित्रीकरण, सहभागींची संमती, हे सगळं पद्धतीत यावं लागतं. मराठी साहित्याच्या विभागात नोंदणी होणार असेल तर सादरीकरणाला गुण मिळत नाहीत, प्रबंधच तपासतात. म्हणून ते परिशिष्टात ठेवा आणि आराखड्यात दोनच ओळी द्या.

संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, एका पानाचं. मुद्रण कुठं ठेवणार, नाव छापायचं की बदलायचं, मध्येच नको म्हटलं तर काय, ही तीन उत्तरं त्यात हवीत. वह्या घरी नेऊ नका, जागेवरच मोबाईलनं फोटो काढा, सावलीत, फ्लॅश बंद करून, आणि पहिल्या फोटोत वहीशेजारी गाव-नाव-तारखेची चिठ्ठी ठेवा. अख्खी संहिता परिशिष्टात छापायचा विचार असेल तर कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो. गावच्या लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी घ्या.

शाईचा_डाग

गृहीतकाचा प्रश्न राहिलाच. माझ्या मते तुमच्या विषयाला ते नको. गृहीतक खरं-खोटं ठरवता यावं लागतं. 'गावच्या नाटकांनी समाजप्रबोधन केले असावे' हे खोटं कसं ठरणार? त्यापेक्षा संशोधनप्रश्न तीन लिहावेत.

दप्तरदार

तत्त्वतः मान्य. पण अर्जाच्या नमुन्यात 'गृहीतके' असा रकाना असेल तर तो कोरा ठेवून आपण नियमांशी कशाला भांडायचं? तपासता येईल असं एक लिहा : 'पूर्व पट्ट्यातील गावांच्या वह्यांत कन्नड संवादांचे प्रमाण पश्चिम पट्ट्यापेक्षा जास्त आढळेल.' हे मोजता येतं. उलटं निघालं तर आणखी चांगलं, प्रबंधाला बोलायला विषय मिळाला.

शाईचा_डाग

हे बरोबर. रकाना असला तरच मात्र.

टिळकवाडी_नाका

नियमांचं थोडं, कारण यावर अर्ज परत येतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, कोर्सवर्क धरून. वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, महिला आणि दिव्यांगांना त्यापुढे आणखी दोन. म्हणून वेळापत्रक सहा-सहा महिन्यांच्या सहा खणांचं करा. पहिला खण पूर्ण कोर्सवर्कला (किमान 12 क्रेडिट) सोडा. त्यातच मुलाखती घुसवलेलं वेळापत्रक कुणाला पटत नाही. शेवटचे दोन खण लेखनाला.

मार्गदर्शकाकडे जागा आहे काय ते आधी विचारा. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी, याच्या वर घेता येत नाहीत. आराखडा उत्तम आणि जागाच नाही, असं होतं.

साम्य तपासणीत (दुसऱ्याचा मजकूर उचललाय काय ते बघतात ती) 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. अवतरणचिन्हात, संदर्भासह दिलेला मजकूर आणि सूची वगळतात. तरी नेटवरून 'संशोधन म्हणजे काय' छापाच्या व्याख्या उचलू नका, आराखड्यात त्यांचं कामही नाही. युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती रांगोळी दिसते.

खानापूर_लोकल

शीर्षक बदललं : 'खानापूर तालुक्यातील यात्रेची मराठी नाटके (1956–1990) : संहितांचे स्रोत आणि सादरीकरणातील बदल'. सहापैकी चार गावांत वह्या आहेत असं कळलंय. पूर्वेकडच्या दोन गावांचं अजून नक्की नाही.

रंगपटातून

शीर्षक ठेवा. पूर्वेकडच्या गावांत वह्या नाहीच मिळाल्या तर त्याच पट्ट्यातली दुसरी दोन बघा, पश्चिमेची वाढवून सहा भरू नका, तुलनाच मोडेल. यात्रा कमिटीच्या जुन्या खजिनदाराला गाठा. वही नटाच्या घरात नसली तर बहुतेक त्याच्या ट्रंकेत असते, हिशेबाच्या वह्यांखाली.